पंधरा ते बासष्ट

सातव्या रकान्यात लिहायचं:
पुरुष, पंधरा ते बासष्ट, पूर्ण वर्षांत.
दुशान्बेहून आलेल्या साहेबांनी
खडू मोडेपर्यंत समजावलं,
या एका आकड्यावरून कळतं
खोऱ्यात श्रम किती शिल्लक आहे.
शिल्लक, म्हणाले.
कणगीत हात घालून सांगावं तसं.

मी निघाले. जुलै होता,
छपराछपरावर जर्दाळू फाकून वाळत घातलेले,
खाली सुर्खोब, नावाप्रमाणे लाल.

कुर्बोनमोच्या घरी पाच नावं सांगितली गेली.
राहतात इथे?
राहतात ना, म्हणाली, फक्त इथे नसतात.
दाराशी पाच जोडी हिवाळी बूट,
आत उंदीर जाऊ नये म्हणून कागद कोंबलेले.
सहा महिन्यांवर बाहेर असेल तर वेगळी खूण करायची,
पण तिचं म्हणणं, मार्चमध्ये गेले, नोव्हेंबरला येतील,
तू मोज बरं, आठ महिने म्हणजे काय फार?
मागच्या मोजणीतही
ती हेच म्हणाली होती.

ओदिना आजोबा पाटात गुडघाभर पाण्यात उभे होते,
अख्ख्या गावाच्या पाण्याचं दार उचकटत.
वय? सदुसष्ट.
आजोबा, तुम्ही नाही बसत या रकान्यात.
बसायला वेळ कुठे आहे, म्हणाले,
आणि पहार मागितली.
मी वही काखोटीला मारून पहार दिली.

शाहलो ट्रॅक्टरखाली होती. फक्त पाय दिसत होते.
बायकांचा रकाना पुढे आहे, मी म्हटलं.
पायांनी काही उत्तर दिलं नाही.

बख्तोवर चौदाचा. ऑक्टोबरात पंधरा.
मामाचा फोन येतो सुर्गुतहून:
अठराचा झालास की तिकीट.
गवत कापता कापता तो रशियन आकडे म्हणतो,
शंभरपर्यंत बिनचूक.
आपले मात्र सत्तरच्या पुढे अडखळतात.

बुधवारी ओदिना आजोबांची बायको गेली.

कब्रस्तान चढावर आहे.
खांदे चार लागतात, आणि दर वीस पावलांवर दुसरे चार.
पुढे मुल्ला, एकाहत्तर, अंतर्गळाचा पट्टा बांधून,
त्यांच्या शेजारी ओदिना आजोबा स्वतः,
नको म्हटलं तरी.
मागे बख्तोवर, आणि त्याचा भाऊ, बारा वर्षांचा,
त्याच्या खांद्यावर रजईची चौघडी ठेवली
उंची सारखी यावी म्हणून.
तरीही जनाजा कलत होता,
कलत होता त्याच बाजूला.

आम्ही बायका चिनारांपाशी थांबलो. तिथेच थांबतात.
मी मोजत होते. सवय.
सातव्या रकान्यात त्रेचाळीस.
समोर चार, त्यातला एकही त्यात नाही.
दुसरे चार नव्हतेच.

पाट ओलांडताना धाकट्याचा पाय निसटला.
शाहलोने हाताचं ग्रीस ओढणीला पुसलं,
गेली,
आणि चौघडी बाजूला सारून खांदा दिला.
मुल्ला थांबले. मागे वळले नाहीत.
थोडा वेळ नुसतं पाण्याचं ऐकू आलं.
मग म्हणाले, सांभाळून, पुढे दगड सैल आहे.

वर पोचेपर्यंत धाकटा
फोन उंच धरून चालला होता.
फोनमध्ये म्हातारीचा मुलगा, डोक्यावर बांधकामाचं हेल्मेट,
मागे क्रेन, वारा.
जवळ ने, म्हणत होता, जरा जवळ ने,
माती दिसत नाही.

साहेबांनी वही पाहिली.
त्रेचाळीस! खोऱ्याच्या मानाने छान आहे.
बोटाने आकड्यावर टिचकी मारली,
टरबूज पिकलंय का बघतात तशी.

एक घर राहिलं होतं, माझं.
ते मी रात्री भरलं.
शोदमोन, एकोणचाळीस, विवाहित, गवंडी.
नियमाने शाईने लिहायचं असतं.
मी पेन्सिल घेतली.